परवाना, राज्य आणि व्यक्ती : रिअल आयडी कायद्याच्या प्रतिकाराचे एक वाचन

२५ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडील मेन राज्याच्या विधिमंडळाने रिअल आयडी कायदा राबविण्यास नकार देणारा ठराव संमत केला. सिनेटमध्ये ३४ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहात १३७ विरुद्ध ४ असे मतदान झाले. असा नकार देणारे हे पहिले राज्य. पुढील काही वर्षांत सुमारे दोन डझन राज्यांनी ठराव वा कायदे करून त्याच वाटेने जाणे पसंत केले. हा प्रतिकार सामान्यतः व्यक्तीच्या खासगीपणाचा लढा म्हणून वाचला जातो. तो तसा होताही. परंतु त्याच्या संहिता आणि त्याचा शेवट एकत्र वाचले असता लढ्याचा कर्ता राज्य होते, व्यक्ती नव्हती, ही गोष्ट स्पष्ट होते.

अमेरिकेत सर्व नागरिकांसाठी एकच राष्ट्रीय ओळखपत्र नाही. व्यवहारात ती जागा वाहनचालकाच्या परवान्याने घेतली, आणि तो देणे हा घटकराज्यांचा अधिकार होय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ साली ओळखपत्रांसाठी केंद्रीय निकषांची शिफारस केली. त्याच वर्षअखेरीच्या कायद्यानुसार हे निकष राज्यांशी वाटाघाटी करून ठरावयाचे होते. ११ मे २००५ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांची स्वाक्षरी झालेल्या रिअल आयडी कायद्याने ती तरतूदच रद्द केली. हा कायदा युद्धखर्च आणि त्सुनामीग्रस्तांना मदत यांसाठीच्या पुरवणी खर्चाच्या विधेयकास जोडलेला असल्याने सिनेटमध्ये त्याविरुद्ध एकही मत पडले नाही. जन्म, निवास, सामाजिक सुरक्षा क्रमांक व कायदेशीर वास्तव्य यांचे पुरावे तपासणे, त्यांच्या प्रती साठविणे, यंत्राने वाचता येईल असा परवाना देणे आणि आपले माहितीसाठे इतर राज्यांना खुले करणे ही कामे राज्यांवर आली. राज्यांच्या संघटनांनी २००६ साली त्यांचा पाच वर्षांचा खर्च ११ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज मांडला.

मेनचा ठराव खर्च आणि खासगीपणा या दोहोंचा उल्लेख करतो. मात्र त्याचा निषेध आहे तो राज्यांना केंद्राचे अभिकर्ते म्हणून वागविण्याविषयी. या लेखनप्रकारास अमेरिकेत दीर्घ परंपरा आहे. १७९८ साली जेफर्सन आणि मॅडिसन यांनी पडद्याआड राहून लिहिलेल्या केंटकी व व्हर्जिनियाच्या ठरावांत परकीयांचे आणि पत्रकारांचे स्वातंत्र्य पणास लागले होते, पण बोलत होते राज्य. १८३२ साली साउथ कॅरोलायनाने याच वाणीत केंद्राची जकात नाकारली. १८५० च्या दशकात उत्तरेतील राज्यांनी पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याचा केंद्रीय कायदा निष्प्रभ करण्यासाठी तीच वाणी वापरली. राज्याचा नकार हे एक रूप आहे. त्यातून कोणाचे हित बोलते हे त्या रूपावरून ठरत नाही.

मोंटानात मात्र दोन्ही धागे खरोखर एकत्र आले. या राज्याच्या १९७२ च्या संविधानात व्यक्तीच्या खासगीपणाचा हक्क स्वतंत्र कलमाने नोंदविलेला आहे. केंद्राला स्थानिक अधिकाऱ्यांना वेठीस धरता येणार नाही, असा १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही याच राज्यातील शेरीफ जे प्रिंट्झ यांच्या दाव्यातून आलेला. एप्रिल २००७ मध्ये गव्हर्नर ब्रायन श्वाइट्झर यांनी रिअल आयडी नाकारणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मार्च २००८ मध्ये राज्याने आपले परवाने मुळातच सुरक्षित असल्याचे पत्र केंद्रास धाडले, मुदतवाढ मागितली नाही. केंद्राने ते पत्र मुदतवाढीचा अर्ज मानून मुदत दिली. आपण घोडा पाठविला, त्यांना तो झेब्रा म्हणावयाचा असेल तर ती त्यांची मर्जी, अशा आशयाची श्वाइट्झर यांची प्रतिक्रिया प्रसिद्ध आहे.

याउलट साउथ कॅरोलायनाचे उदाहरण. वाहनचालकांची वैयक्तिक माहिती राज्यांनी उघड करण्यावर वा विकण्यावर १९९४ च्या केंद्रीय कायद्याने बंधन घातले, तेव्हा या राज्याने सार्वभौमत्वाच्या नावाने त्यास आव्हान दिले आणि २००० साली ते सर्वोच्च न्यायालयात हरले. २००७ साली त्याच राज्याने रिअल आयडीत सहभागी न होण्याचा कायदा केला. पहिल्या वेळी केंद्र खासगीपणाच्या बाजूने होते, दुसऱ्या वेळी राज्य. दोन्ही वेळा राज्याचा युक्तिवाद मात्र एकच होता.

म्हणूनच प्रतिकाराचा शेवट अनपेक्षित ठरत नाही. रिअल आयडी कायद्यात राज्यांना थेट हुकूम नव्हता. निकषांत न बसणारा परवाना केंद्रीय यंत्रणा स्वीकारणार नाहीत एवढीच अट होती. १९९७ च्या निर्णयाची कक्षा अशा रीतीने टळली आणि भार विमानतळावरील प्रवाशावर पडला. २००८ च्या अंतिम नियमांनी खर्चाचे ओझे कमी केले, मुदती वाढत राहिल्या, आणि निकषांत बसणारा व न बसणारा असे दोन प्रकारचे परवाने देण्याची मुभा राज्यांना मिळाली. २०१७ साली मेन आणि मोंटाना या दोन्ही राज्यांनी आपले नकार मागे घेतले. २००८ साली सुरू व्हावयाची अंमलबजावणी ७ मे २०२५ रोजी सुरू झाली. सतरा वर्षांचा हा विलंब आणि साध्या परवान्याचा पर्याय ही प्रतिकाराची कमाई क्षुल्लक नव्हे. परंतु राज्यांना जोडणारी पडताळणीची यंत्रणा दरम्यान उभी राहिली.

भारतीय अनुभवाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधारजोडणीविरुद्ध पश्चिम बंगालने याचिका केली, तेव्हा संसदेच्या कायद्यास राज्य कसे आव्हान देऊ शकते, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने केला. मुख्यमंत्र्यांनी व्यक्ती म्हणून यावे, असे सुचविले. त्यापूर्वी दोनच महिने खासगीपणास मूलभूत हक्क ठरविणारा निर्णय निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या, म्हणजे एका व्यक्तीच्या, याचिकेतून आला होता. येथे कर्ता व्यक्ती असली तरी २०१८ साली बहुमताच्या निर्णयाने आधार कायदा बव्हंशी कायम राहिला. हक्काचा उच्चार मात्र व्यक्तीच्या नावे झाला आणि तो टिकला.

निकषांत न बसणाऱ्या परवान्यावर तो केंद्रीय कामांसाठी ग्राह्य नसल्याचे स्पष्ट नमूद करणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. २००७ साली विधिमंडळाच्या ठरावात लिहिलेला नकार आता ज्याच्या त्याच्या खिशातील कार्डावर एका ओळीत उरला आहे, आणि त्याची किंमत ते कार्ड बाळगणाऱ्यानेच मोजावयाची आहे.