ऑरेगन ट्रेल

शाळांसाठी अमेरिकेत तयार झालेला संगणकीय खेळ. मिसूरीतील इंडिपेन्डन्स गावाहून बैल जुंपलेल्या गाड्यांतून ऑरेगनकडे निघालेल्या एकोणिसाव्या शतकातील स्थलांतरितांचा सुमारे ३,२०० किमीचा प्रवास, हा त्याचा विषय.

मिनेसोटातील डॉन रॅविच, बिल हायनेमन व पॉल डिलनबर्गर या तीन छात्रशिक्षकांनी १९७१ मध्ये तो रचला. रॅविच तेव्हा मिनीॲपोलिसमध्ये आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत. समोर पडदा नव्हता. टेलिटाइप यंत्र मजकूर कागदावर छापी आणि शिकार साधायची तर ‘बँग’ हा शब्द झटपट टंकावा लागे. सत्र संपल्यावर प्रोग्रॅम संगणकावरून काढून टाकला गेला. कागदावरची प्रत मात्र रॅविच यांनी जपली. १९७४ मध्ये मेक (मिनेसोटा एज्युकेशनल कम्प्युटिंग कन्सॉर्शियम) या संस्थेत रुजू झाल्यावर त्यांनी तो पुन्हा टंकला आणि जुन्या प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून कोणते संकट कितपत संभवते याचे प्रमाण सुधारले.

आज आठवला जातो तो बहुधा १९८५ चा, फिलिप बुशार्ड यांनी आखलेला ॲपल टू संगणकावरचा अवतार. यात बोस्टनच्या बँकवाल्याजवळ १,६०० डॉलर असतात, इलिनॉयच्या शेतकऱ्याजवळ अवघे ४००. पण शेतकरी पोहोचला तर गुण तिप्पट. गवा मारला तरी गाडीपर्यंत १०० पौंडच मांस आणता येते, बाकीचे माळावर सोडायचे. नदी पायउताराने ओलांडावी, गाडी तरंगवावी, की पैसे मोजून तरीने जावे? खेळाची खरी गोडी अशा निवडींत आहे. सनावळ्या कोणी विचारत नाही. बैल किती घ्यावेत, निघावे कोणत्या महिन्यात, हे ठरवता ठरवता भूगोल आणि हिशेब अंगवळणी पडतात. शिवाय गाडीतल्या माणसांना मुले आपल्या मित्रांची नावे देत, त्यामुळे आमांशाने कोणी दगावले की वर्गात हशा पिके. ती मृत्युवार्ता पुढे टी-शर्टांवरही छापली गेली.

हा प्रवास गोऱ्या वसाहतकारांच्याच नजरेने दाखवला, मूळ रहिवासी कडेलाच राहिले, हा आक्षेप रास्त आहे. गेमलॉफ्टच्या २०२१ च्या आवृत्तीत मूळनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. २०१६ मध्ये या खेळाचा समावेश न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममध्ये झाला.