नवापूर (पालघर)

पालघर तालुक्यातील अरबी समुद्रकाठचे गाव. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर शहर वेगळे. जवळचे रेल्वेस्थानक बोईसर. दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव ही शेजारची किनारी गावे. 2011 च्या जनगणनेच्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. त्या आकड्यांवरून आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 29.9 लाख, पैकी 37 टक्क्यांच्या आसपास अनुसूचित जमातींची.

येथील सरकारी प्राथमिक शिक्षण 1962 पासून ठाणे जिल्हा परिषदेकडे होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी जिल्हा वेगळा झाल्यावर ते पालघर जिल्हा परिषदेकडे आले. बोईसर-तारापूर पट्ट्यातील शाळांच्या पटावर मांगेला, वैती, भंडारी, वारली अशा स्थानिक समाजांबरोबर कारखान्यांत कामाला आलेल्या हिंदीभाषक कुटुंबांची मुलेही आढळतात. मराठी प्रथमच ऐकणारे मूल आणि घरी मांगेली किंवा वारली बोलणारे मूल एकाच बाकावर बसते. ‘मराठी माध्यम’ या नोंदीत हा फरक दिसत नाही.

शिक्षकांची पदे पटावर ठरतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी 60 पटापर्यंत 2, 90 पर्यंत 3, 120 पर्यंत 4 आणि 200 पर्यंत 5 शिक्षक; पट 150 वर गेल्यास मुख्याध्यापक वेगळा. दोन शिक्षकांच्या शाळेत अर्थातच एकेकाकडे दोन-तीन इयत्ता येतात. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर करताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात. वीटभट्टीवर जाणारी आदिवासी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर गाव सोडतात, त्यामुळे अशा मुलांच्या शाळांत पट आणि हजेरी यांचा मेळ पुढे बसत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देतात, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत त्याला बसता येते. अलीकडे पटाला आधार पडताळणीही जोडली गेली असून नावातील वा जन्मतारखेतील फरक निस्तरण्याचे काम बहुधा वर्गशिक्षकाच्याच गळ्यात पडते.

मंजूर पदे आणि भरलेली पदे यांतील तफावत हा जिल्ह्याचा जुना प्रश्न. परजिल्ह्यातून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने परततात. पालघर तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो; त्या क्षेत्रातील शिक्षकपदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखीव ठेवण्याचा वाद न्यायालयात गेल्याने भरती रेंगाळली.

मासेमारी व औद्योगिक वसाहतीतील नोकऱ्या ही गावातील उपजीविकेची मुख्य साधने. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती.