वेब-उपयोजनांच्या स्वयंचलित चाचणीतील सामाईक पायऱ्या : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पवनेकाठचे पिंपळे गुरव हे पिंपरी-चिंचवडमधील दाट वस्तीचे उपनगर होय. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत जाणारे आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारे येथे शेजारी राहतात. दोघांच्या व्यवसायांत ‘फिक्श्चर’ हा शब्द समान आहे. यंत्रावर प्रत्येक सुटा भाग नव्याने मापून बसवावा लागू नये, म्हणून तो धरून ठेवणारे साधन म्हणजे फिक्श्चर. टेल्कोने १९६६ मध्ये पुण्यातील कारखान्याचा आरंभ यंत्रावजार विभागापासून केला, यावरून अशा पूर्वतयारीचे मोल ध्यानात यावे. १९९४ मध्ये केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेतील चाचण्यांविषयी लिहिताना हाच शब्द योजला. तेथे त्याचा अर्थ, चाचणीपूर्वी पुनःपुन्हा उभी करावयाची ठरावीक पूर्वस्थिती.

समान काम एकदाच लिहावे हा विचार संगणकाइतकाच जुना आहे. केंब्रिजच्या १९४९ च्या एडसॅक यंत्रासाठी उपकार्यक्रमांचे ग्रंथालय तयार झाले आणि विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. तरीही वेब-चाचणीच्या क्षेत्राला हा धडा नव्याने गिरवावा लागला. याचे कारण ध्वनिमुद्रणासारख्या सोयीत दडलेले आहे. विनरनरसारखी साधने वापरकर्त्याच्या क्रिया नोंदवून पुन्हा करून दाखवीत. प्रत्येक नोंदीत लॉगिनची तीच पायरी उतरे. लॉगिनच्या पानावरील एका चौकटीचे नाव बदलले की दोनशे चाचण्यांत दोनशे दुरुस्त्या. नोंदविणे स्वस्त होते, सांभाळणे महाग.

शिकागो येथे थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये सेलेनियम निर्माण केले, ते कंपनीच्याच वेळ व खर्च नोंदविणाऱ्या उपयोजनाच्या चाचणीसाठी. त्यातील आज्ञा तक्त्याच्या ओळींत लिहिल्या जात. ओळी उचलून दुसरीकडे चिकटविणे अगदी सोपे. पुढे शिन्या कासातानी यांच्या सेलेनियम आयडीईने फायरफॉक्समध्ये नोंदविण्याची सोय परत आणली आणि जुना दोषही. सायमन स्टुअर्ट यांचा वेबड्रायव्हर २०११ च्या सेलेनियम २ मध्ये विलीन झाला. याच परंपरेत ‘पेज ऑब्जेक्ट’ ही रचना रुजली: पानाची माहिती एका ठिकाणी, चाचणीचा हेतू दुसऱ्या ठिकाणी. पान बदलल्यास दुरुस्ती एकच.

मात्र पायरी सामाईक करणे आणि स्थिती सामाईक करणे यांत अनेकांची गल्लत होते. लॉगिनची कृती सर्वांनी वापरावी. पण आधीच्या चाचणीने लॉगिन करून सोडलेले सत्र पुढचीने गृहीत धरले, तर चाचण्यांचा क्रम बदलताच निकाल बदलतात आणि दोष कुठला हे शोधणे कठीण होते. वेळ वाचविण्यासाठी हे बहुधा जाणूनबुजून केले जाते, म्हणून ते अधिक घातक.

सामाईक पायरीतच पडताळणी असेल, तर धोका वेगळाच. झिजलेल्या गेजने सदोष भागही पसंत होतात. चुकीच्या सामाईक पायरीने सर्व चाचण्या एकाच वेळी यशस्वी दिसू शकतात. कारखान्यात गेजचीच ठरावीक काळाने तपासणी होते. चाचण्यांच्या ग्रंथालयांना अशी तपासणी फारशी लाभत नाही. लिहिणारा कंपनी सोडून गेला तरी त्याची पायरी तशीच वापरली जाते.