पिंपरीच्या मातीतले औषध

१/ पहिल्या पावसाचा मृद्गंध बव्हंशी स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या मातीतील जिवाणूंची देणगी. हेच जिवाणू प्रतिजैविकेही घडवतात. क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ मध्ये अमेरिकेत त्यांच्यापासूनच मिळाले. या इतिहासात पुण्याजवळच्या पिंपरीचेही एक पान आहे.

२/ १९५४ मध्ये युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढल्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परंतु परकीय औषध येथे बनवणे एवढ्यावरच तो थांबला नाही.

३/ डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील जिवाणूंचा शोध आरंभला. १९६१ मध्ये बुरशीजन्य रोगांवरील नवे प्रतिजैविक जगापुढे आले : हॅमायसीन. नावातील ‘हॅ’ कारखान्याच्या आद्याक्षरांचा, तर जिवाणू ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’. गावाचे नाव असे विज्ञानात कोरले गेले. १९६४ मध्ये पिकांच्या बुरशीवर उपयोगी ऑरिओफंगिनही आले.

४/ तथापि, जिवाणू औषध घडवतो तो स्वतःपुरते. कारखान्याला हवे असते विपुल. त्या काळी एक मुख्य उपाय : अतिनील किरणांचा वा रसायनांचा मारा करून जनुकांत बदल घडवायचे आणि हजारोंतून अधिक उत्पादन देणारा वाण निवडायचा. नेमके काय बदलले, हे मात्र कळत नसे.

५/ ते कोडे इंग्लंडमध्ये उलगडले. १९८४ मध्ये मालपार्टिडा व हॉपवुड यांनी एका प्रतिजैविकाची सर्व जनुके एकत्रित वेगळी काढून दुसऱ्या जिवाणूत कार्यरत केली. ती एकमेकांलगतच होती. १९८५ मध्ये दोन जिवाणूंच्या जनुकांच्या मिलाफातून संकरित प्रतिजैविकही घडले.

६/ या जनुकांमध्ये नियंत्रकही असतात : काही चालना देणारे, काही आवर घालणारे. चालकाच्या प्रती वाढवल्या, आवरणारा निकामी केला, की उत्पादन वाढू शकते. अंधारातील निवडीला नेमक्या हस्तक्षेपाची जोड मिळाली.

७/ २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात अशा द्रव्यांचे वीसहून अधिक जनुकसमूह निघाले. पूर्वी मोजकेच ठाऊक होते. उरलेले प्रयोगशाळेत मूकच राहिले होते.

८/ म्हणजे जुन्या चाळणीत ‘निरुपयोगी’ ठरलेल्या जिवाणूंतही औषध दडलेले असू शकते. रोगजंतू जुन्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले असताना, जतन केलेला प्रत्येक वाण हे न वाचलेले पुस्तक आहे. कारखाने आजारी पडतात, विकायला निघतात. पिंपरीच्या कारखान्यावरही ती वेळ आली. वाणांचा संग्रह मात्र एकदा नष्ट झाला, की पुन्हा उभारता येत नाही.