जखमी पोराचा खुराक

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीच्या नावाने ओळखला जातो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावं वाचून बाहेरगावच्या माणसाला वाटतं, शाहू स्टेडियमवर आज कुस्त्याच आहेत. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्याही पाठीशी अशीच आपापली पेठ उभी असते. आमच्या पिढीतली पोरं आधी कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत लोळली आणि मग पायात बूट घालून मैदानावर गेली. त्यामुळे फुटबॉल संघात हौद्यातल्या बऱ्याच रीती आल्या. जखमी पोराशी कसं वागायचं, ही त्यातली एक. मी तालमीकडून बॅक खेळलो, पुढं आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले. ही रीत कुठून आली, कुठं अपुरी पडली आणि आता कुठं तुटते आहे, हे मांडून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात राजर्षी शाहू महाराजांपासून करावी लागते. १९०२ साली महाराज युरोपला गेले, तिथली जुनी रोमन क्रीडागारं त्यांनी पाहिली, आणि १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसते. पण मैदानापेक्षाही महत्त्वाचं काम महाराजांनी केलं ते पैलवानाच्या पोटापाण्याचं. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हा खुराक शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नव्हता. तो दरबाराने उचलला. देशभरचे मल्ल इथं येऊन राहिले, पेठापेठांतून तालमी भरल्या. संस्थान गेल्यावर तो भार तालमींनी, गावांनी, दूध घालणाऱ्या गवळ्यांनी वाटून घेतला. पैलवान घडवणं हा एका घराचा खर्च उरला नाही.

आमच्या वस्तादांचा एक नियम होता: पडलेल्या पोराचं दूध तोडायचं नाही. कुणाचा खांदा उतरला, गुडघा मुरगळला, तरी त्याचा वाटा तसाच. त्याने पहाटे तालमीत यायचं, हौदा खणायला, मातीत तेल, हळद, ताक, लिंबू घालायला हातभार लावायचा आणि बाकीच्यांची मेहनत बघत बसायचं. लहानपणी मला ही दया वाटायची. वस्तादांनी कारण सांगितलं ते वेगळंच होतं. “दूध तोडलं की पोरगं दुखणं लपवतं,” ते म्हणाले. “लपवलेलं दुखणं कुस्तीच्या दिवशी बाहेर येतं, लेका.” पोराचा वाटा सुरक्षित असला तरच ते खरं सांगतं, आणि त्याने खरं सांगितलं तरच वस्तादाला पुढची जोड नीट लावता येते. ही रीत दयेतून आली नव्हती, ती संघ राखण्याच्या शहाणपणातून आली होती.

तिची खरी परीक्षा मी फुटबॉलमध्ये पाहिली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. पावसाळा सरला की सराव सुरू व्हायचा. पोरं दोन-तीन महिने सैलावलेली, मैदान वरून वाळलेलं आणि आतून चिखल धरलेलं, आणि हंगाम तोंडावर. दुखापतीचे सगळ्यात वाईट दिवस तेच. त्या वर्षी आमच्याकडे डाव्या बाजूला एक नवं पोरगं आलं होतं. वय अठराच्या आसपास, पेठेतलंच, उद्यमनगरात लेथवर रोजंदारीने काम करणारं. बॉल पायात घेऊन ते वळलं की समोरचा बॅक दोन पावलं चुकीच्या बाजूला गेलेला असायचा. आमचा त्या हंगामाचा सगळा डाव त्याच्याभोवती बांधला होता.

पहिल्या सामन्याला पंधरवडा राहिला असताना सरावात त्याची टाच मातीत रुतली आणि अंग वळलं. कुणी त्याला धक्काही दिला नव्हता. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला तो मला माझ्या जागेवर ऐकू आला. वस्तादांनी हात लावून बघितलं आणि मालिश करू नका म्हणून बजावलं. मग आंबेहळदीचा लेप झाला, हाडवैद्य झाला. दहा-बारा दिवसांत सूज उतरली, पोरगं चालू लागलं आणि सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

इकडं संघाची घडीच मोडली होती. डावीकडून येणारा बॉल थांबला तसे आमचे दोघं पुढचे खेळाडू उपाशी राहिले. कर्णधाराने उजव्या बॅकला वर सरकवलं, खेळ सोडून बसलेल्या एका जुन्या विंगरला घरातून बोलावून आणलं. सुरुवातीचे सामने हातचे गेले. पण हळूहळू आम्ही बॉल मधून खेळवायला शिकलो. जो तो त्या एका पोराकडे बघत खेळायचा, ते सुटलं. दुखापतीने संघाचं नुकसान केलं आणि त्याच दुखापतीने संघाला दुसरी वाटही दाखवली.

पोराचं मात्र तसं झालं नाही. तालमीने त्याचं दूध तोडलं नव्हतं, पण लेथवरची रोजंदारी बंद होती आणि ती कुणी भरून देत नव्हतं. घरी बसलेल्याला कोण विचारणार, ही भीती होतीच. पळताना गुडघा आतल्या आत सरकतो हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. पट्टी आवळून ते मैदानात उतरलं आणि थोड्याच वेळात तोच गुडघा पुन्हा गेला, या खेपेला कायमचा. वस्तादांचं म्हणणं तेव्हा मला पुरतं समजलं. खुराक म्हणजे नुसतं दूध नव्हे. पोराचं घर ज्यावर चालतं ते सगळं त्यात आलं पाहिजे.

गुडघ्यापुढं या शहराने याआधीही हात टेकले होते. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. पुढच्या ऑलिम्पिकची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपवली. पैलवानाला परदेशी पाठवायला घर गहाण टाकणारी माणसं इथं होती. दुर्बिणीतून गुडघ्याचा स्नायुबंध नव्याने बांधणारी शस्त्रक्रिया मात्र अजून दूर होती.

आता ती आली आहे. तरीही शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची असते पोराला थांबू देणारी व्यवस्था. अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं उदाहरण मी मुलांना नेहमी सांगत आलो. २००९ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर ब्लेक ग्रिफिनला घेतलं. हंगामापूर्वीच्या शेवटच्या सराव सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. आधी वाटलं, काही आठवड्यांत उभा राहील. हाड भरेना, जानेवारीत शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा पहिला हंगाम एकही सामना न खेळता गेला. संघाने ८२ पैकी ५३ सामने गमावले, प्रशिक्षकही हंगामाच्या मध्यावर बदलला. पण ग्रिफिनचा करार पक्का होता, लपवाछपवीची गरज नव्हती. पुढच्या वर्षी तो परतला आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

जवळचं उदाहरण सांगलीच्या क्रिकेटपटू स्मृती मंधानाचं. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये खेळताना तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध दुखावला. वर्ल्ड कप जूनमध्ये होता. ती बाहेर असताना मे महिन्यात आयर्लंडविरुद्ध दीप्ती शर्मा आणि मुंबईची पूनम राऊत सलामीला आल्या आणि त्यांनी ३२० धावांची विक्रमी भागीदारी केली. दुसऱ्या एखाद्या संघात जखमी मुलीची जागा तिथंच संपली असती. इथं स्मृती बरी झाल्यावर पुन्हा सलामीला आली, दीप्ती फलंदाजीच्या क्रमात खाली गेली, आणि इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात स्मृतीने ९० व पूनमने ८६ धावा केल्या. भारत अंतिम फेरीत गेला आणि लॉर्ड्सवर अवघ्या नऊ धावांनी हरला. रिकामी जागा भरायची आणि जखमी खेळाडूची जागा राखायचीही, ही दोन्ही कामं एका वेळी करता येतात, हे त्या संघाने दाखवलं.

आमच्या तालमींना हे जमेल का? कोल्हापूरचा फुटबॉल आज मोठा झाला आहे. स्टेडियम भरतं, मोठ्या रकमांची बक्षिसं लागतात, आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथल्या संघांकडून खेळून गेले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा साऱ्या पेठांची छाती फुगली. पण पैसा वाढला तशी एक सवयही लागली: एक पोर पडलं की दुसरं विकत आणायचं. संघाची फळी त्याच दिवशी भरून निघते, आणि पडलेलं पोरगं पुढच्या आठवड्यात कुणाच्या आठवणीत नसतं. बाकीची पोरं हे बघत असतात. आपलं दुखणं लपवायला ती तिथंच शिकतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक स्पर्धेच्या तिकिटांतला ठरलेला वाटा जखमी खेळाडूंसाठी वेगळा निघावा. त्यातून एमआरआय व्हावा, शस्त्रक्रिया व्हावी, फिजिओथेरपी व्हावी, आणि रोजंदारीवरच्या पोराच्या घरी तेवढे महिने पगार जावा. स्नायुबंध बांधल्यावर मैदानात यायला साधारण नऊ महिने लागतात. तोवर त्याचं नाव संघाच्या यादीत राहावं. सरावाआधी ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा व्यायामक्रम रोज व्हावा. तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे. त्याला पैसा लागत नाही, शिस्त लागते, आणि शिस्त तालमींना नवी नाही.

शाहू महाराजांनी खुराक दरबारावर घेतला म्हणून कोल्हापूर मल्लांचं गाव झालं. आज तो दरबार म्हणजे तालीम, असोसिएशन आणि तिकीट काढून ओरडणारे आपण सगळे. “माझा गुडघा दुखतो” हे सांगणं अठरा वर्षांच्या पोराला परवडलं पाहिजे. ते परवडेल एवढी सोय करणं हीच आता तालमीची पहिली मेहनत आहे.