कमलाबाईंनी उघडलेलं दार



बारावीचा निकाल लागला की आपल्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या जोडीला मुलींचा विषय निघतोच. "सायन्सला घालून काय करायचं? शेवटी लग्नच करायचंय ना?" असं कोणीतरी म्हणतं. म्हणून आज कमला सोहोनी यांची गोष्ट सांगते. माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांची ही सख्खी बहीण.

कमलाबाईंचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. त्यांच्याच वाटेनं जायचं कमलाबाईंनी ठरवलं. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगलोरला जाऊन त्यांनी जाब विचारला आणि प्रवेशाचा हट्ट धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढे. त्यांनी श्रीनिवासय्या सरांच्या हाताखाली रात्रंदिवस काम केलं. पुढे दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षाअखेर रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. एका मुलीच्या चिकाटीचा फायदा मागून येणाऱ्या कितीतरी जणींना झाला.

पुढे त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं, हे त्यांनी दाखवलं. पेशींच्या श्वसनाला हे प्रथिन लागतं. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. प्रबंध होता जेमतेम चाळीस पानांचा!

परदेशात न राहता त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. तिथे ताडा-माडाच्या नीरेत कोणती पोषक द्रव्यं आहेत, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग होतो का, हे तपासलं. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. ग्राहक चळवळीतही त्या होत्या आणि ग्राहकांसाठी लिहीत होत्या.

बघा, डाळ, दूध, बटाटा, नीरा. सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं आणि शिवारातलं. रसायनशास्त्र आपल्यापासून लांब नाही. आज त्यातून वाटाही बऱ्याच निघतात. बारावी सायन्सनंतर डी.फार्म., रक्त-लघवी तपासणीच्या लॅबचा डीएमएलटी, किंवा बी.एस्सी. करून डेअरीची, औषध कारखान्याची प्रयोगशाळा. आणि पुढे संशोधनही.

कमलाबाईंना दार ठोठवावं लागलं. आपल्या लेकींसाठी ते आता उघडं आहे. तेव्हा घरातूनच कडी लावू नका. यंदा मुलीचा फॉर्म भरताना आधी तिला विचारा, "बाई, तुला काय शिकायचंय?"