जांभा दगड

जांभा हा कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी व केरळ येथे घरबांधणीसाठी वापरला जाणारा तांबूस, सच्छिद्र खडक आहे. खाणीतून ठरावीक मापाने कापलेल्या त्याच्या ठोकळ्यास चिरा म्हणतात. विटेप्रमाणे तो भट्टीत भाजावा लागत नाही, जवळच्या खाणीतून मिळतो आणि जुन्या घराचे चिरे पुन्हा वापरता येतात. त्यामुळे पर्यावरणपूरक बांधकामात त्यास महत्त्व आहे.

निर्मिती व नाव

उष्ण व दमट हवामानात मूळ खडकाची दीर्घकाळ झीज होऊन त्यातील सिलिका वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. लोहामुळे खडकास तांबडा रंग येतो. कोकणातील जांभ्याच्या पठारांना सडा म्हणतात. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरम येथील खडकाच्या आधारे ‘लॅटेराइट’ हे नाव रूढ केले. ‘लेटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वीट असा आहे.

गुणधर्म

जांभा खाणीत असताना मऊ असल्याने सहज कापता येतो. हवा लागून सुकल्यावर तो कठीण होतो. पूर्वी चिरे हाताने काढीत. आता बहुतेक ठिकाणी यंत्राने कापतात. चिऱ्यांची जाड भिंत उन्हाची उष्णता सावकाश आत सोडते, म्हणून दुपारी घर तुलनेने थंड राहते. मात्र छिद्रांमुळे हा दगड पाणी शोषतो.

घराची रचना

कोकणातील पारंपरिक घरात हा दोष रचनेनेच सांभाळलेला दिसतो. उंच जोते भिंतींना जमिनीवरील पाण्यापासून दूर ठेवते. उतरते कौलारू छप्पर भिंतींच्या बाहेरपर्यंत येते, तर पडवीमुळे पावसाचा मारा आणि ऊन थेट भिंतीवर येत नाही. पावसाळ्यात उघड्या बाजूंना नारळाच्या झावळ्यांचे झाप लावण्याचीही पद्धत आहे. सपाट छपराच्या घरात हे संरक्षण नसल्यास उघड्या चिऱ्यांत ओल मुरते.

देखभाल

चुन्याचा गिलावा ओल बाहेर पडू देतो. सिमेंटच्या घट्ट गिलाव्याआड ती कोंडून राहू शकते. जुने गोवे येथील बॉम जेझस बॅसिलिका (१६०५) ही प्रामुख्याने जांभ्याची वास्तू आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तिचा बाह्य गिलावा काढण्यात आला. उघडा पडलेला दगड पावसाने झिजत असल्याने गिलावा पुन्हा करावा की नाही, हा वादाचा विषय झाला आहे.

पर्यावरणीय मर्यादा

जांभा तयार होण्यास अतिदीर्घ काळ लागतो. त्यामुळे तो पुन्हा निर्माण होणारा स्रोत मानता येत नाही. सड्यांवर पावसाळी वनस्पतींचे वैशिष्ट्यपूर्ण जीवन असते आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आढळतात. अनिर्बंध चिरेखाणींमुळे या दोहोंना धोका पोहोचतो. म्हणून जुन्या चिऱ्यांचा पुनर्वापर आणि आहे त्या घराची वेळेवर दुरुस्ती हा या साहित्याचा सर्वांत काटकसरीचा उपयोग ठरतो.

हे सुद्धा पहा

चुना
कौल
कातळशिल्प